एकदाच विचारलं

वादळ मंगळवारी येऊन गेलं. बुधवारी उजाडलं तेव्हा डोंगरउतारावरची आमची सगळी अबाका समुद्राकडे डोकी करून आडवी पडलेली होती. अबाका दिसते केळीसारखी, पण तिची केळी कुणी तोंडात घालत नाही. आमची चूल पेटते ती तिच्या सोपटांतून ओढून काढलेल्या वाखावर. पडलेला खांब दोन आठवडे दम धरतो. मग आतून पाणी सुटतं, वाखावर गंजाचा रंग चढतो आणि ओढताना तो हातातच तुटतो.

म्हणून त्या दिवसांत हळहळायला कुणाला सवड नव्हती. माझे वडील, ताताय विदाल, यांच्या पावलावर छपराचा पत्रा पडून टाच चिरली होती. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर पाय लांब करून बसत आणि तिथून हुकूम सोडत. मी बाजारगावच्या शाळेत मास्तर. शाळेचं छप्पर भातखाचरात जाऊन पडलं होतं, त्यामुळे घरीच होतो. उरलेलं सगळं मानाय सिद्राच्या अंगावर. मानाय म्हणजे थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि मानाय सतरा. त्या वर्षी तिला एक स्थळ आलं होतं असं ऐकून आहे. ते पुन्हा आलं नाही.

वाख ओढायचं काम पाहताना सोपं वाटतं. लाकडी ठोकळ्यावर सुरी घट्ट दाबलेली असते. पायाखालची काठी दाबली की सुरी जराशी वर उठते. सोपटाची पट्टी तिच्याखाली सरकवायची, टोक दांडक्याला गुंडाळायचं, आणि सगळं अंग मागे टाकून ओढायचं. गर सुरीपलीकडे राहतो, पांढरा वाख हातात येतो. रस उडतो तो मात्र अंगावरच. तो आधी पाण्यासारखा असतो, मग तपकिरी होतो, मग काळा, आणि कापडावरून काय किंवा कातडीवरून काय, जात नाही. मानायचे हात कोपरापर्यंत तसे होते. नखं, नखांच्या कडा, तळव्यावरच्या रेषा. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच बहिणींचे हात काळे असतात.

येत्या रविवारी आम्हाला नदीपलीकडे जायचं होतं. दुलसेच्या घरी, तिला मागणी घालायला. आमच्याकडे मुलगा एकटा जात नाही. त्याच्या घरचं वडीलधारं माणूस मुलीच्या घराच्या पायऱ्या चढतं आणि तोंडाने मागतं. दुलसेचे वडील जहाजावर कामाला होते, मंगळवारी निघणार ते वर्षभराने येणार. म्हणजे हा रविवार नाही तर पुढचं वर्ष. तातायना चालवत नव्हतं. मग मानायच जाणार हे कुणी ठरवलंही नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. तिने पेटीतला आईचा निळा झगा काढून दोरीवर वाऱ्याला घातला होता. वाखाच्या पांढऱ्या जुड्यांमध्ये तो एकटाच निळा हलत असे.

सोमवारी दुपारी निनांग एमेरिता आल्या. त्या आमच्या हेडमास्तरांच्या पत्नी आणि माझ्या धर्ममाता. बाप्तिस्म्याला मला त्यांनीच हातात धरलं होतं. छत्री, बिस्किटांचा डबा आणि स्वच्छ पांढरे बूट घेऊन त्या जिना चढल्या.

"काय विदाल, पाय तोडून घरात बसायची युक्ती बरी काढलीत!"

"तुमच्या नवऱ्याला शिकवा, निनांग. त्यांनाही आराम मिळेल."

त्या हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मग, रविवारी बोलणार कोण तुझ्या बाजूने?"

मानाय तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. कामावरून तशीच आलेली. ट्रेच्या पांढऱ्या कपड्यावर तिची बोटं होती. मी ती बोटं पाहिली, आणि मला दुलसेच्या आईची बैठक दिसली, तिथल्या खुर्च्यांवरची विणलेली पांढरी आवरणं दिसली.

"निनांग, तुम्हीच चला ना," मी म्हणालो. "मानायला चारचौघांत बोलायची सवय नाही. आणि शिवाय, या दिवसांत... हे काम... तिचे हात तर बघा."

एवढंच. एवढं बोलायला किती वेळ लागतो? कॉफीच्या कपावरची वाफ हललीसुद्धा नाही.

मानाय हसली. मोठ्याने, मोकळं हसली. "खरंच की हो, निनांग! या हातांनी पोरगी मागायला गेले तर ते म्हणतील, कोळसेवाली आली. तुम्हीच जा. तुमचं बोलणं किती छान." तिने ट्रे ठेवला आणि आत गेली. निनांग "बरं, बघू हं," म्हणाल्या, आणि बिस्किटाचा डबा उघडू लागल्या. ताताय आपल्या टाचेवरच्या फडक्याकडे पाहत राहिले.

संध्याकाळी दोरीवर झगा नव्हता.

जेवायच्या वेळी मानायने तीन ऐवजी दोन ताटं मांडली.

"मानाय, जेव ना," मी म्हणालो.

"मला भूक नाही."

मी बसलो आणि जेवलो. मासळी चांगली झाली होती. हेही लिहायला हवं, की मला ती चांगली लागली.

मंगळवारी ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे भांडली नाही, रागावली नाही, दार आपटलं नाही. सगळं जागच्या जागी होतं. माझा सदरा धुतलेला होता, माझा भात झाकलेला होता. फक्त मी कुठे नव्हतो. भात झाला की ती कोंबडीला सांगे, "कुणाला जेवायचं असेल तर झालंय म्हणावं." सरपण संपलं तर खालच्या डुकराला सांगे. डुकराला इतक्या आदबीने कुणी कधी बोललं नसेल. मी पुढे होऊन सरपण आणलं तर ती ते आपलं आपण चालत आल्यासारखं उचलून चुलीत सारी.

मी विचार केला, आणि माझ्या विचाराने मला बाजारगावात नेलं. बुधवारी मी तिच्यासाठी साबण आणला. फुलांचं चित्र असलेल्या कागदात गुंडाळलेला, परदेशी, सुगंधी. दुकानदारीण म्हणाली होती, "डागसुद्धा जातात याने." ते ऐकूनच मी तो निवडला होता, आणि तरीही, देवाशपथ, मला वाटत होतं की मी बहिणीला भेट नेतोय.

मानायने कागद नीट सोडवला. वास घेतला. "छान आहे," ती म्हणाली. दोन दिवसांत माझ्याकडे बघून बोललेले ते पहिलेच शब्द. तिने साबण पाहुण्यांच्या तस्तापाशी नेऊन ठेवला.

गुरुवारी पहाट फुटताना मी विहिरीवर गेलो. मानाय आधीच तिथे होती, माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसलेली. पुढ्यात तो साबण, नारळाची शेंडी आणि कापलेली लिंबं. ती हात घासत होती. घाई नव्हती तिला. एकेक बोट घेऊन, भांड्याचा तळ घासावा तसं, मग पाणी ओतून उजेडात धरून बघायची, आणि पुन्हा घासायची. लिंबाचा रस चिरांत गेला की खांदे आखडत. मी बादली न वाजवता परत फिरलो. वाटेत लक्षात आलं की मी चपला काढून हातात घेतल्या आहेत, चोरासारखं.

त्या दिवशी दुपारी तातायंनी मला पायरीवर बोलावलं. "इकडे ये, मास्तर. जरा पाय दाब."

मी बसलो. खाली सुरीखालून पट्टी निघाल्याचा लांब, फाटल्यासारखा आवाज येत होता. एक. मग थोडी शांतता. मग एक.

"रुसलीय ती," ताताय म्हणाले.

"माहीत आहे."

"विचारलंस तिला?"

"सोमवारी म्हटलं होतं, जेव म्हणून. ती नाही म्हणाली."

"किती वेळा म्हटलंस?"

"एकदा."

त्यांनी पाय ओढून घेतला. माझ्याकडे असं पाहिलं की वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे मीही तसं कधी पाहिलं नसेल. "एकदा! अरे, रस्त्याने जाणाऱ्यालासुद्धा आपण दारातून एकदा ओरडतो, 'या जेवायला.' तो म्हणतो, 'जेवून आलोय.' तोही सुटला, आपणही सुटलो. एकदा विचारतात ते परक्याला. घरच्या माणसाला एकदा विचारणं म्हणजे त्याला सांगणं, की बाबा, तू चालू लाग."

मी त्यांचा पाय पुन्हा मांडीवर घेतला.

"तुझी आई रुसायची तेव्हा मी काय करायचो माहितीय? तिच्या मागे मागे हिंडायचो. विहिरीवर, नदीवर, चर्चच्या बायकांतसुद्धा. लोक हसायचे. तीनदा, दहादा. अकराव्यांदा ती म्हणायची, 'मेल्या, लाज नाही का तुला?' की झालं!"

"मला नाही जमत तसं, ताताय."

"हो. तू लाजाळू." त्यांनी फडकं सारखं केलं. "लाजतोस खरा. पण नको तिथे."

मी शुक्रवारी सकाळी निनांग एमेरितांकडे गेलो. त्या माझ्यासाठी एका कागदावर भाषण लिहीत होत्या. मी दारातच उभं राहून सांगितलं, की रविवारी माझी बहीण बोलेल.

"सोमवारी तर तू म्हणालास..."

"चुकीचं म्हणालो."

"अस्सं." त्यांनी भुवया उंच केल्या, कागदाची घडी घातली. "बरं हो. आम्ही काय, परकीच माणसं." आता त्याही रुसल्या होत्या हे मला कळलं, आणि ते निस्तरायलाही कधीतरी यावं लागणार हेही. मान खाली घालून मी अंगण ओलांडलं. सबंध वाटभर माझे कान गरम होते.

घरी येऊन मी सदरा काढला आणि मानायच्या शेजारच्या ठोकळ्यापाशी उभा राहिलो. तिने पाहिलं नाही. मी पट्टी सरकवली, काठी सोडली, ओढली. अर्ध्यात तुटली आणि मी पाठीवर पडलो. वरून ताताय ओरडले, "वादळात एक खांब उभा राहिला होता वाटतं, तोही आत्ता पडला!"

मानायचे ओठ हलले नाहीत. दुसरी पट्टी. तिसरी. दुपारपर्यंत माझ्या तळहातांची सालं निघाली. माझ्या वाखात गराचे ठिपके राहत होते. तिचा वाख कसा केसांसारखा मोकळा सुटे. दुपार कलल्यावर ती उठली. न बोलता माझ्या सुरीचा खिळा दोन ठोक्यांनी आवळला, माझा डावा पाय आपल्या पायाने एक वीत मागे सारला, आणि परत जाऊन उभी राहिली.

पुढची पट्टी अखंड आली.

"मानाय," मी म्हणालो, "रविवारी तू चल."

"निनांग आहेत ना कुणाच्या," ती ठोकळ्याला म्हणाली.

"त्यांना मी नको म्हणून सांगितलं."

सुरीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मी संध्याकाळी विचारलं. ती वाख वाळत घालत होती. जुड्यांच्या पांढऱ्या पडद्यापलीकडे मला फक्त तिचे पाय दिसत होते. मी पायांना विचारलं. पाय पुढच्या दांडीकडे गेले. शनिवारी सकाळी मी चुलीपाशी विचारलं. मग ओढ्यावर, खांब खांद्यावरून वाहून नेताना, धापा टाकत, तिथे शेजारच्या बायका कपडे धूत होत्या आणि त्यातली एक म्हणाली, "अगंबाई, मास्तर बहिणीला मागणी घालतायत की काय?" सगळ्या हसल्या. माझा चेहरा पेटला. पण मी त्यांच्यादेखत पुन्हा विचारलं. माझ्या आयुष्यात मी काही धाडस केलं असेल तर तेवढंच.

शनिवारी दुपारी ती बोलली. "दोनशे खांब पडलेत अजून. ते कोण ओढणार?"

"सोमवारी ओढू."

"सोमवारी कुजतील."

"कुजू देत."

"कुजू देत!" वरून ताताय गरजले.

"तुम्हाला काय जातंय म्हणायला?" मानाय वर बघून ओरडली. "पाय वर करून बसलात राजासारखे! आणि हा! हा एक वाख ओढतो आणि तीन फुकट घालवतो! आईने आज याला बघितलं असतं तर..." ती थांबली. तिने मनगटाने नाक पुसलं. "झगा पुन्हा इस्त्री करायला हवा," ती म्हणाली. "घडी पडलीय."

रविवारी आम्ही नदी ओलांडली. निळा झगा तिला खांद्यात थोडा घट्ट होत होता. मी नारळाच्या दारूची बाटली आणि गोड भाताची टोपली घेऊन मागे होतो. दुलसेची आई, तिया चोलेंग, पायऱ्यांवर उभी होती. आत पंख्याखाली दुलसेचे वडील नवा सदरा घालून अवघडून बसले होते. दुलसेने पडद्याआडून पाहिलं आणि मागे सरली.

"मुलाच्या बाजूने कोण बोलणार?" तिया चोलेंगने विचारलं.

मानाय उभी राहिली. "आमच्याकडे आई नाही," ती म्हणाली. "जे आहे ते मी आहे. हा लहानपणी फार रडायचा, आता रडत नाही. खोटं बोलत नाही. जेवणात खोड काढत नाही. लाजाळू आहे, त्यामुळे तुमच्या मुलीला काही हवं असेल तर तिने दोनदा सांगावं. त्याला पहिल्यांदा ऐकू येत नाही. आम्हाला तुमची मुलगी द्या."

दुलसेचे वडील हसू लागले. तिया चोलेंगने डोळ्याला पदर लावावा तसा रुमाल लावला. निनांगच्या कागदावरचं कुठलंही भाषण याच्या जवळ आलं नसतं. सगळे बोलू लागले. जूनमध्ये लग्न, डुक्कर कुणाचं, बँड कुणाचा. कॉफी आली, केक आला. मानाय प्रत्येकाला उत्तर देत होती, हसत होती, आणि दोन्ही हात मांडीवरच्या रुमालाखाली ठेवून बसली होती. तिच्या कॉफीवर साय धरली. आठवडाभरापूर्वी याच हातांनी ती सगळ्या गावासमोर बाजारात मासळी निवडत असे.

परतताना ऊन उतरलं होतं. भातखाचरांत अजून वादळाचं पाणी साचलेलं होतं आणि त्यात आभाळ होतं. मानाय बांधावरून पुढे चालली होती. माझ्याशी बोलत होती. आठवड्यात पहिल्यांदा, मोकळेपणी, मागे वळून वळून. दुलसे किती नीटनेटकी आहे, तिया चोलेंगचे गुडघे दुखतात वाटतं, केक जरा कोरडा होता. मला हायसं वाटत होतं. मी मनात म्हणत होतो, झालं, सुटलो.

"सेयो," ती म्हणाली, "मी एक ठरवलंय बघ. लग्नात चर्चमध्ये तुझ्याबरोबर निनांगना चालू दे. आईच्या जागी. त्या शोभतील. मी मागे स्वयंपाकाचं बघते. दोनशे माणसं म्हणजे भाताकडे कुणीतरी आपलं माणूस हवंच."

"नाही मानाय. तू चालशील."

"अरे, मी मनापासून सांगतेय. राग नाही माझा. खरंच नाही." ती हसली. ते हसणं चांगलं होतं, शांत होतं; पाहुण्याला निरोप देताना ती तशीच हसते. "तुझे ते शाळेतले लोक येतील, फोटो काढतील. तुलाही बरं वाटेल. मला काय, मी कुठे का असेना."

तेव्हा मला समजलं, आणि माझे पाय बांधावर थांबले. रुसली होती तोवर ती काहीतरी मागत होती. कोंबडीला सांगून, डुकराला सांगून, उपाशी राहून ती आपली जागा माझ्याकडे मागत होती. आता तिचं मागणंच संपलं होतं. मागणी घालायला आली ती माझी गरज म्हणून. आणि ते करून झाल्यावर, कुणी उसनी आणलेली खुर्ची परत नेऊन ठेवावी तशी ती स्वतःला उचलून मागे ठेवत होती. राग न धरता. मी तिला एका आठवड्यात समजूतदार करून टाकलं होतं.

"मानाय, तूच चालशील," मी म्हणालो.

"बघू रे."

"बघू नाही. तूच."

"चल पुढे, चिखल आहे, जपून."

"तू नाही चाललीस तर मी एकटा चालेन. तुझी जागा रिकामी ठेवून. फादरनी विचारलं तर सांगेन, माझी बहीण भात बघतेय."

"वेडा आहेस का? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी सांगेन का ती मागे आहे ते. सोमवारी मी काय बोललो ते सांगेन."

ती गर्रकन वळली. आठवडाभरात तो सोमवार आम्हा दोघांपैकी कुणीच एकमेकांसमोर तोंडातून काढला नव्हता. तिच्या चेहऱ्यावरचं ते पाहुण्यासाठीचं हसू आधी थिजलं, मग ढळलं, आणि त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं. खालचा ओठ आत गेला. डोळे भरले. तिने पाठ फिरवली आणि ती भराभर चालू लागली.

"मानाय," मी म्हणालो.

ती झग्याचा घोळ उचलून पुढच्या बांधावर चढली.

"मानाय, तू चालशील ना माझ्याबरोबर?"

खाचरातून एक बगळा उठला, तर तिने बगळ्याला म्हटलं, "काही लोकांना गप्प बसता येत नाही."

मला भरून आलं. लाजेने माझी मान वर होत नव्हती, आणि तरी छातीत कुठेतरी बरं वाटत होतं, पहिल्यांदाच. ती पुन्हा रुसली होती. मी टोपली दुसऱ्या हातात घेतली, चिखलातून पाय उपसले आणि तिच्या मागे मागे चालत, अंतर कमी करत, विचारत राहिलो.